अंधारातील वाहन दिसावे म्हणून : परावर्तकांचा कायदा आणि गावाची जबाबदारी

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतील रस्त्यांचे स्वरूप पालटते. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून आलेली ऊसतोड कामगारांची कुटुंबे पहाटेपासून फडात राबतात. तोडलेला ऊस बैलगाड्यांत आणि ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये भरला जातो आणि दिवस मावळल्यावर ही वाहने कारखान्याच्या वाटेला लागतात. गाडीवान दिवसभराच्या श्रमाने थकलेला असतो. बैल सवयीने वाट चालत असतात. मागून ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने मालमोटार येते. तिच्या चालकाला पुढे काळोखाव्यतिरिक्त काहीही दिसत नाही. दिसते तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

असा अपघात घडला की वेगाला दोष दिला जातो, क्वचित नशिबालाही दिला जातो. तथापि, पुढचे वाहन मागच्या चालकाला वेळीच दिसले असते तर अपघात टळला असता, ही गोष्ट बहुधा चर्चेत येत नाही. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. एकूण अपघातांपैकी एक-पंचमांशाहून अधिक अपघात मागून धडक बसल्यामुळे झालेले होते. यांपैकी सर्वच अपघात रात्रीचे नव्हते हे खरे. परंतु रात्रीच्या वेळी अशी धडक टाळण्याचे एक अत्यंत अल्पखर्चिक साधन उपलब्ध आहे. ते साधन म्हणजे परावर्तक, ज्याला बाजारात रिफ्लेक्टर आणि खेड्यापाड्यांत 'रेडियम' म्हणतात.

दिसणे आणि थांबणे

धावते वाहन ब्रेक दाबताक्षणी थांबत नाही. समोर अडथळा आहे हे चालकाच्या ध्यानात येणे, त्याने निर्णय घेणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांत काही क्षण जातात. रस्त्यांची आखणी करताना इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था या कामासाठी अडीच सेकंद गृहीत धरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन अडीच सेकंदांत सुमारे ५५ मीटर पुढे जाते. त्यानंतर ब्रेक लागून वाहन प्रत्यक्ष थांबेपर्यंतचे अंतर वेगळे. ही दोन्ही अंतरे मिळून या संस्थेने ताशी ६० किलोमीटर वेगासाठी ८० मीटर, ८० किलोमीटर वेगासाठी १२० मीटर आणि १०० किलोमीटर वेगासाठी १८० मीटर दृष्टिअंतर आवश्यक मानले आहे.

याउलट, समोरून वाहन येत असल्याने चालकाने दिवे खाली केलेले असतील, तर मळकट रंगाची, दिवा नसलेली गाडी त्याला साधारणपणे चाळीस-पन्नास मीटरांच्या आत आल्याखेरीज नीट दिसत नाही. म्हणजे ज्या अंतरावर गाडी दिसते त्या अंतरात वाहन थांबूच शकत नाही. चालक सावध असला, ब्रेक उत्तम असले आणि रस्ता कोरडा असला तरीही हे गणित बदलत नाही. स्वच्छ आणि योग्य जागी लावलेला परावर्तक मात्र शंभर मीटरांहून अधिक अंतरावरून चमकतो आणि चालकाला आवश्यक ते सेकंद मिळवून देतो.

परावर्तक कसा काम करतो

परावर्तकाला 'रेडियम' हे नाव चुकीने पडलेले आहे. पूर्वी घड्याळांच्या तबकडीवर रेडियमयुक्त रंग लावीत असत. तो अंधारात स्वतःच चमकत असे. त्यावरून अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला लोक रेडियम म्हणू लागले. वाहनावरील परावर्तकात रेडियम नसते आणि तो स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेला प्रकाश तो ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवितो, एवढेच त्याचे कार्य.

साधा आरसा असे करीत नाही. आरशावर तिरका प्रकाश पडला तर तो दुसऱ्या बाजूला निघून जातो. परंतु तीन आरसे खोलीच्या कोपऱ्याप्रमाणे, म्हणजे दोन भिंती आणि जमीन जशी एकमेकींना काटकोनात मिळतात तसे जुळविले, तर त्यांत शिरलेला किरण तिन्ही पृष्ठांवरून परतून आल्या वाटेला समांतर बाहेर पडतो. वाहनाच्या मागील तांबड्या प्लॅस्टिकच्या परावर्तकात असे शेकडो बारीक कोपरे असतात. चिकटपट्टीच्या स्वरूपातील परावर्तकात असेच सूक्ष्म कोपरे किंवा काचेचे अतिसूक्ष्म मणी बसविलेले असतात. मण्यात शिरलेला प्रकाश मागील बाजूस एकवटून परततो आणि आला तसाच बाहेर पडतो.

निसर्गातही हे तत्त्व आढळते. रात्री बॅटरीच्या झोतात बैलाचे किंवा मांजराचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांच्या आतील बाजूस प्रकाश परत पाठविणारा थर असतो. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवावयाच्या काचेच्या परावर्तक खुंट्यांचे पेटंट घेतले. त्या आजही 'कॅट्स आय', म्हणजे मांजराचे डोळे, याच नावाने ओळखल्या जातात. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर शंभर कोपरी परावर्तकांची एक चौकट ठेवली. भारताच्या चांद्रयान-३ मधील विक्रम या अवतरकावरही असा एक छोटा परावर्तक असून डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्यावर लेसर किरण टाकून तो परत मिळविला. चंद्रावर उपयोगी पडणारे हे तत्त्व ऊसाच्या गाडीवरही तितक्याच निष्ठेने काम करते.

शिक्षकांना वर्गात एक साधा प्रयोग करून दाखविता येईल. अंधाऱ्या खोलीत सायकलचा परावर्तक समोर ठेवावा आणि बॅटरी डोळ्याजवळ धरून त्यावर प्रकाश टाकावा. परावर्तक झगझगीत दिसेल. नंतर बॅटरी हात लांब करून बाजूला धरावी. परावर्तक मंद झालेला दिसेल. परत येणारा प्रकाश बॅटरीकडे जातो, डोळ्याकडे नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानात येईल. वाहनचालकाचे डोळे त्याच्या दिव्यांच्या जवळपास असतात म्हणूनच परावर्तक त्याला दिसतो. ज्याच्याजवळ दिवा नाही अशा पादचाऱ्याला वा सायकलस्वाराला परावर्तकाचा काहीही उपयोग होत नाही. यास्तव परावर्तक हा दिव्याला पर्याय नसून दिव्याचा सोबती आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहनांचा १९३९ चा जुना कायदा जाऊन मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम ११० अन्वये वाहनांचे दिवे, संकेतसाधने आणि परावर्तक यांविषयी नियम करण्याचा अधिकार केंद्र शासनाला आहे. त्यानुसार केलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०४ परावर्तकांसंबंधी आहे. त्याचा सारांश असा :

१. मोटारसायकल व तीनचाकी वगळता प्रत्येक मोटार वाहनाच्या मागील बाजूस डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन तांबडे परावर्तक असले पाहिजेत. ट्रेलरलाही हा नियम लागू आहे.

२. मोटारसायकलच्या मागे किमान एक तांबडा परावर्तक असला पाहिजे.

३. मालवाहू वाहनांच्या पुढील बाजूस दोन्ही टोकांना पांढरे परावर्तक असले पाहिजेत.

४. मालवाहू वाहनांवर याशिवाय परावर्तक पट्ट्या आवश्यक आहेत. हलक्या मालवाहू वाहनांसाठी २० मिलिमीटर रुंदीची पट्टी पुढे पांढरी व मागे तांबडी असावी लागते. अवजड व लांब वाहनांसाठी एआयएस-०९० या मानकाप्रमाणे ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या लावावयाच्या असून बाजूंसाठी पिवळा रंग वापरला जातो.

रंगांची ही विभागणी सहज केलेली नाही. पांढरा रंग म्हणजे वाहनाचे तोंड, तांबडा म्हणजे पाठ आणि पिवळा म्हणजे बाजू, असा संकेत जगभर रूढ आहे. समोर पांढरे ठिपके दिसले तर वाहन आपल्याकडे येत आहे आणि तांबडे दिसले तर ते आपल्यापुढे त्याच दिशेने चालले आहे किंवा उभे आहे, हे चालक विचार न करता ओळखतो. शोभेसाठी मागे पांढरी किंवा पुढे तांबडी पट्टी लावल्यास हाच संकेत उलटा होतो आणि चालकाची दिशाभूल होते. वाहनाने पुढील बाजूस तांबडा दिवा दाखवू नये, हे नियम १०८ चे तत्त्वही याच कारणासाठी आहे.

दिव्यांसंबंधी नियम १०५ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी दिवे लावणे बंधनकारक आहे. मागील तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे. परावर्तक लावले म्हणून या बंधनातून सुटका होत नाही.

ट्रेलर हेही मोटार वाहनच

ग्रामीण भागात एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ट्रॅक्टरला इंजिन असल्याने तो वाहन आहे. ट्रेलर म्हणजे केवळ लोखंडी गाडा, त्याला कसला कायदा, असे पुष्कळांना वाटते. अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्येने हा प्रश्न निकालात काढला आहे. 'मोटार वाहन' या संज्ञेत ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे ट्रेलरला नोंदणी, मागील दिवे आणि परावर्तक हे सर्व लागू होते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर जोडलेले असतात तेव्हा ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते. कारण मागून येणाऱ्या चालकाला दिसते ती शेवटच्या ट्रेलरची पाठ, ट्रॅक्टरचे दिवे नव्हेत.

प्रत्यक्षात ट्रॅक्टरपासून ट्रेलरपर्यंत जाणारी विजेची तार बहुधा तुटलेली असते, ट्रेलरचे दिवे फुटलेले असतात आणि परावर्तक असलेच तर ते ऊसाच्या लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकले जातात. वाहतूक वाहनांना योग्यता प्रमाणपत्राच्या निमित्ताने ठराविक काळाने तपासणीला सामोरे जावे लागते. परंतु बिगरवाहतूक म्हणून नोंदलेल्या खासगी वाहनांची अशी तपासणी नोंदणीच्या पंधरा वर्षांत होत नाही. या काळात मालकाची दक्षता हाच एक आधार असतो.

बैलगाडीचे काय?

मोटार वाहन अधिनियम यंत्राने चालणाऱ्या वाहनांसाठी आहे. बैलगाडी त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून बैलगाडीला कोणताच कायदा नाही असे मात्र नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ अन्वये रस्त्यावरील सर्व प्रकारच्या रहदारीचे नियमन करण्याचे, तसेच वाहनांवर किती दिवे, कोठे आणि कोणत्या वेळात असावेत हे ठरविण्याचे अधिकार सक्षम प्राधिकाऱ्यांना दिलेले आहेत. पूर्वी गाडीच्या आसाखाली कंदील टांगण्याची प्रथा होती ती याच गरजेतून. खेडोपाडीच्या कच्च्या रस्त्यांवर गाडीला गाडीच भेटत असे तेव्हा तो कंदील पुरत असे. आज त्याच रस्त्याचे डांबरी वा सिमेंटचे महामार्ग झाले आहेत आणि तो मिणमिणता उजेड वेगवान वाहनाच्या चालकाला उपयोगी पडत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशात बैलांचे डोळे चमकतात आणि चालक सावध होतो. मागून येणाऱ्याला मात्र केवळ ऊसाचा काळपट ढीग दिसतो. त्यातच गाडीचा वेग ताशी तीन-चार किलोमीटर असल्याने मागचे वाहन तिला अक्षरशः काही क्षणांत गाठते. धोका मुख्यत्वे पाठीमागून आहे आणि परावर्तकाची खरी गरजही तेथेच आहे.

परावर्तक बसविताना पुढील गोष्टी पाळल्यास त्यांचा पूर्ण उपयोग होतो :

– परावर्तक गाडी रिकामी असताना दिसतो की नाही हे पाहून भागत नाही. ऊस भरल्यानंतर तो दिसला पाहिजे. गाडीच्या लाकडावर लावलेला परावर्तक झाकला जात असल्यास परावर्तक कापडी पट्टा किंवा फळी भरलेल्या ऊसाच्या मागील टोकास दोरीने बांधावी.

– डावा आणि उजवा असे दोन परावर्तक गाडीच्या रुंदीच्या टोकांना असावेत. मध्यभागी एकच लावल्यास दुरून ती सायकल वा मोटारसायकल वाटते.

– बैलांच्या शिंगांना पट्टी लावल्यास समोरून व बाजूने उपयोग होतो. परंतु ती मागील परावर्तकांची जागा घेऊ शकत नाही.

– चिखल, धूळ आणि तेलकट थर यांनी परावर्तक आंधळा होतो. दर दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावा. गाडी रंगविताना त्यावर रंग जाऊ देऊ नये.

– बाजारातील प्रत्येक चकाकणारी पट्टी परावर्तक नसते. दिवसा भडक दिसणारी पट्टी रात्री निरुपयोगी ठरू शकते. खरेदीपूर्वी अंधारात बॅटरीच्या उजेडात दहा-पंधरा पावले दूर जाऊन ती पाहावी.

बंद पडलेले वाहन

चालत्या वाहनापेक्षाही रस्त्यात उभे असलेले वाहन रात्री अधिक घातक असते. मालमोटार बंद पडली की तिच्याभोवती दगड मांडावयाचे, झाडाच्या फांद्या टाकावयाच्या आणि दुरुस्ती झाल्यावर ते सारे तसेच टाकून निघून जावयाचे, ही रीत आपल्याकडे सर्रास दिसते. मागे राहिलेले ते दगड पुढे एखाद्या मोटारसायकलस्वाराचा बळी घेऊ शकतात. यासाठीच वाहनासोबत परावर्तक त्रिकोण बाळगावयाचा असतो. वाहन शक्य तितके रस्त्याच्या कडेला घेऊन, इशारादिवे चालू ठेवून, पुरेशा अंतरावर मागे हा त्रिकोण ठेवला आणि निघताना उचलून घेतला, तर दगडांची गरज उरत नाही. इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन उभे करण्यास अधिनियमाच्या कलम १२२ ने मनाई केलेली आहे.

न्यायालयांनीही या निष्काळजीपणाची गंभीर दखल घेतली आहे. रस्त्याच्या मध्यभागी कोणतीही इशाराखूण न ठेवता उभ्या असलेल्या टँकरवर रात्री एक गाडी आदळल्याच्या प्रकरणात गाडीच्या चालकाकडे निम्मा दोष देणारा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बदलला आणि टँकरच्या बाजूसच जबाबदार धरले. म्हणजे 'मी तर उभा होतो, तो येऊन आदळला' हा बचाव टिकेलच असे नाही.

नियमभंगाबद्दल शिक्षेची तरतूदही आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १७७ खाली सर्वसाधारण नियमभंगाला पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. रस्ता सुरक्षेच्या विहित मानकांचा भंग करणारे वाहन चालविल्यास कलम १९० (२) अन्वये पहिल्या अपराधाबद्दल तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तसेच तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्ती धारण करण्यास अपात्रता अशी तरतूद आहे.

गावपातळीवर करता येण्याजोगे

केवळ दंडाच्या भयाने हा प्रश्न सुटणार नाही. हंगामासाठी परजिल्ह्यातून आलेल्या गाडीवानाला कायद्याची कलमे ठाऊक नसतात आणि आठवड्याच्या बाजारात परावर्तक शोधण्याइतकी सवडही नसते. त्याला ते हातात मिळाले पाहिजेत आणि लावून दिले पाहिजेत. हंगामाच्या प्रारंभी मोटार वाहन विभाग, पोलीस आणि साखर कारखाने यांच्यामार्फत परावर्तक लावण्याच्या मोहिमा अनेक ठिकाणी घेतल्या जातात. तथापि, पहिल्या पंधरवड्यात लावलेली पट्टी फेब्रुवारीपर्यंत टिकली आहे की नाही, हे पाहणारी व्यवस्था गावातच असली पाहिजे.

ग्रामपंचायतीला यात पुष्कळ करता येईल. ऊसतोड कामगारांची वस्ती ज्या माळावर उतरते तेथे सायंकाळी जाऊन गाड्यांची पाहणी करणे, कारखान्याच्या शेती विभागाकडून परावर्तक मागवून घेणे, गावाच्या हद्दीतील वळणे व पुलांचे कठडे यांवर परावर्तक फलक बसविण्याबाबत संबंधित बांधकाम विभागाला ठरावाद्वारे कळविणे, ही कामे कोणत्याही नव्या निधीशिवाय होण्यासारखी आहेत. गावाच्या शिवारात वारंवार अपघात होणारी जागा असेल तर ती अधिनियमाच्या कलम २१५ खाली स्थापन झालेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या निदर्शनास आणून द्यावी. शाळेतील विद्यार्थ्यांच्या सायकलींची तपासणी हा शिक्षकांना सहज हाती घेता येण्याजोगा उपक्रम आहे. सायकलींच्या परावर्तकांच्या दर्जासाठी केंद्र शासनाने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढलेला आहे. परंतु जुन्या सायकलींवरील फुटलेले परावर्तक बदलण्याचे काम पालकांचे आणि शाळेचेच आहे.

ऊसाच्या गाडीवर अनेकदा गाडीवान एकटा नसतो. त्याची पत्नी आणि लहान मुले त्याच ऊसावर किंवा गाडीच्या पुढील बाजूस पेंगत असतात. कुटुंबाची सहा महिन्यांची उपजीविका ज्या बैलजोडीवर अवलंबून असते ती जोडीही त्याच रस्त्यावर चालत असते. एका धडकेत हे सारे नाहीसे होऊ शकते. मागच्या चालकाला शंभर मीटरांवरून दोन तांबडे ठिपके दिसले, तर तो वेग कमी करतो, बाजूने वळसा घेतो आणि पुढे निघून जातो. गाडीवानाला त्याची जाणीवही होत नाही. हंगाम संपल्यावर गाड्या ज्या संख्येने गावात आल्या त्याच संख्येने माणसे आणि बैलांसह सुखरूप परत जाव्यात, यासाठी प्रत्येक गावाने दर हंगामात एक संध्याकाळ दिली तरी ते पुरेसे आहे.